उसन्या वायफायवरचं टोरंट: घेतो आपण, देतो कुणाच्या नावावर?

जर्मनीत म्युनिकजवळ दिवे आणि ध्वनियंत्रणेचा व्यवसाय करणाऱ्या एका दुकानदाराने आपल्या दुकानाचं वायफाय मुद्दाम खुलं ठेवलं होतं. पासवर्ड नाही, नोंदणी नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही वापरावं. सप्टेंबर २०१० मध्ये त्या वायफायवरून एक गाणं इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट उपलब्ध झालं. हक्कधारक संगीत कंपनीची नोटीस आली ती दुकानदाराला. आपण हे केलेलं नाही, वायफाय वापरणाऱ्या कुणी केलं असेल तर सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. प्रकरण लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागायला १५ सप्टेंबर २०१६ उजाडला. न्यायालयाने सांगितलं की दुकानदाराकडून नुकसानभरपाई वसूल करता येणार नाही. मात्र वायफायला पासवर्ड लावायला आणि वापरणाऱ्याची ओळख पटल्यावरच तो द्यायला त्याला भाग पाडता येईल.

या प्रकरणात सगळा वाद गाणं ‘उपलब्ध करून दिल्या’चा होता. कुणी ते डाउनलोड केलं का, हा मुद्दाच नव्हता. मित्राच्या घरी, होस्टेलवर, पीजीत, कॅफेत किंवा स्टेशनवर दुसऱ्याच्या वायफायला फोन जोडून आपण टोरंट सुरू करतो, तेव्हा आपल्या मनात फक्त घेण्याचा विचार असतो. फोन मात्र थोड्याच वेळात देऊही लागतो. ते देणं पडद्यावर ठळक दिसत नाही, आणि बाहेरच्या जगात त्याची नोंद आपल्या नावावर होत नाही. ती वायफायवाल्याच्या नावावर होते. म्हणून ही यंत्रणा आतून कशी चालते, हे टोरंट वापरणाऱ्याने आणि आपला पासवर्ड पाहुण्याला देणाऱ्यानेही समजून घ्यायला हवं.

तुकडे, ठसे आणि देवाणघेवाण

नेहमीच्या डाउनलोडमध्ये एक सर्व्हर देतो आणि आपण घेतो. मागणारे वाढले की सर्व्हरवर ताण येतो आणि सगळ्यांचाच वेग घटतो. १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरने गाणी लोकांच्या संगणकांवरच ठेवली आणि एकाकडून दुसऱ्याकडे थेट पाठवायची सोय केली. पण कुणाकडे काय आहे याची यादी नॅपस्टरच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशांनंतर २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने बिटटोरंट आणलं. त्याचं मुख्य सूत्र सोपं होतं: जो घेतोय, त्यानेच घेता घेता पुढच्याला द्यायचं. मग मागणारे वाढले की देणारेही वाढतात, आणि गर्दीची फाइल उलट लवकर मिळते.

एक जीबीची फाइल घेऊ. तिचे एकेक एमबीचे तुकडे केले तर १,०२४ तुकडे होतात. अ‍ॅप प्रत्येक तुकडा १६ केबीच्या ६४ ब्लॉकांत मागवतं, त्यामुळे एका तुकड्यातले ब्लॉक वेगवेगळ्या देशांतल्या लोकांकडूनही येऊ शकतात. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ या पद्धतीने काढलेला २० बाइटचा एक ठसा असतो. १,०२४ तुकड्यांचे ठसे मिळून जेमतेम २० केबी होतात. आपण आधी उघडतो त्या छोट्याशा टोरंट फाइलमध्ये मुख्यतः ही ठशांचीच यादी असते. आलेला तुकडा ठशाशी जुळला तर ठेवायचा, नाही जुळला तर फेकून पुन्हा मागवायचा. समोरचा कोण, कुठला, प्रामाणिक की लबाड, हे ठाऊक नसतानाही फाइल बिनचूक हाती येते ती या तपासणीमुळे.

टोरंट फाइलऐवजी वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेट लिंकमध्ये तर ही यादीही नसते. तिच्यात सहसा चाळीस अंक-अक्षरांची एक ओळख असते. ती घेऊन अ‍ॅप जगभर पसरलेल्या डीएचटी नावाच्या जाळ्यात विचारणा करतं. ज्यांच्याकडे ती फाइल आहे त्यांचे पत्ते मिळवतं आणि ठशांची यादी त्यांच्याकडूनच घेतं. डीएचटीमागची कॅडेमलिया ही रचना २००२ मध्ये पेतार मायमुनकोव आणि डेव्हिड माझियेर या दोन संशोधकांनी मांडली होती. तिच्यामुळे मध्यवर्ती यादीची गरजच संपली.

एका फाइलीभोवती जमलेल्या या सगळ्यांना ‘स्वॉर्म’ म्हणतात. पूर्ण फाइल असलेले आणि ती वाटत राहिलेले ते सीडर, अजून गोळा करत असलेले ते लीचर. कुठला तुकडा आधी घ्यायचा याचाही नियम ठरलेला असतो: जो सगळ्यांत कमी लोकांकडे आहे, तो आधी. त्यामुळे दुर्मीळ तुकड्यांच्या प्रती वाढतात आणि एखादा सीडर निघून गेला तरी फाइल अपुरी राहण्याची शक्यता कमी होते. कुणाला द्यायचं याचाही नियम असतो. आपल्याला जे जास्त देतात अशा मोजक्यांना अ‍ॅप देत राहतं आणि दर दहा सेकंदांनी हा हिशेब नव्याने मांडतं. शिवाय दर तीस सेकंदांनी एखाद्याला, त्याने काही दिलेलं नसलं तरी, संधी मिळते. नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसतं, त्याची सुरुवात अशी होते. पहिला तुकडा पूर्ण झाला की तोही वाटू लागतो. म्हणून ‘मी फक्त डाउनलोड करतोय’ हे वाक्य टोरंटच्या बाबतीत सहसा खरं नसतं.

तुटक्या नेटवर टोरंट टिकतं

उसन्या वायफायची पहिली अडचण म्हणजे ते मध्येच तुटतं. गाडी येते, दुकान बंद होतं, मित्र बाहेर पडतो. साध्या डाउनलोडमध्ये सर्व्हरने पुढून चालू करायची सोय ठेवलेली नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. टोरंटमध्ये तपासून घेतलेला प्रत्येक तुकडा फोनमध्ये पक्का झालेला असतो. आज इथल्या वायफायवर तीनशे तुकडे, उद्या दुसरीकडे आणखी चारशे, असं चालतं. फोनचा आयपी पत्ता बदलला तरी काही बिघडत नाही, कारण फाइलीची ओळख तिच्या ठशात असते.

रेल्वे स्थानकाचा हिशेब करून पाहू. गूगल आणि रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर मोफत वायफाय सुरू केलं. गूगलने पुढे अंग काढून घेतलं, पण रेलटेलने ते देशातल्या हजारो स्थानकांवर चालू ठेवलं. २०२१ मध्ये मोफत वापर दिवसाला अर्धा तास आणि वेग १ एमबीपीएस असा ठरला, त्यापुढे पैसे. एका सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे अर्ध्या तासात १,८०० मेगाबिट. बाइट आठ बिटांचा, म्हणून हाती येतात फार तर २२५ एमबी. एक जीबीची फाइल अशा पाच खेपांत पूर्ण होईल. अर्थात सार्वजनिक वायफायवर टोरंटची वाहतूक पुष्कळदा अडवलेली असते. तशी ती अडवलेली दिसली, तर ते वायफाय देणाऱ्याने स्पष्ट दिलेलं उत्तर समजावं आणि वाटा शोधत बसू नये.

इतरांचं नेट का अडखळतं

मित्राच्या घरी फोन टोरंटला लावला आणि दहा मिनिटांत आतल्या खोलीतून आवाज आला, “अरे, नेट का लटकतंय?” हा अनुभव पुष्कळांचा आहे. त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असतात, आणि तिन्ही ठाऊक असतील तर तिन्ही टाळता येतात.

पहिलं कारण अपलोडचं. घरातलं कुणी व्हिडिओ पाहत असेल तर त्यांच्याकडे येणाऱ्या डेटाची पोचपावती सतत उलट दिशेने पाठवली जाते. ती पोचली नाही तर पाठवणारा वेग कमी करतो. आपल्या टोरंटने अपलोडची वाट भरून टाकली की या पोचपावत्या राउटरच्या रांगेत अडकतात. मग डाउनलोडचा वेग शिल्लक असूनही सगळ्यांचं डाउनलोड मंदावतं, आणि व्हिडिओ कॉलवरच्या माणसाचा आवाज तुटू लागतो. केबलवाल्याच्या जोडणीत अपलोडचा वेग कमी असेल तर हा त्रास आणखी जाणवतो. यावर उपाय म्हणून टोरंटसाठी यूटीपी नावाची पद्धत तयार झाली. रांगेत साधारण १०० मिलिसेकंदांचा उशीर दिसू लागला की ती स्वतःहून मागे सरते. या पद्धतीमागचा विचार २०१२ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांतही नोंदवला गेला. मात्र टोरंटच्या सगळ्याच जोडण्या यूटीपीने होत नाहीत, त्यामुळे मर्यादा आपणच घालायला हवी.

दुसरं कारण वायफायच्या हवेचं आहे. बहुतेक घरांतल्या राउटरच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. बाकीच्यांना थांबावं लागतं. टोरंट चालवणारा फोन घेतो, देतो, पुन्हा घेतो, आणि दर वेळी ही हवा अडवतो. तो राउटरपासून दोन भिंती पलीकडे असेल तर वेग उतरतो, म्हणजे तेवढ्याच डेटाला जास्त वेळ लागतो. राउटरजवळचा फोन साठ एमबीपीएसने बोलत असेल आणि गॅलरीतला सहा एमबीपीएसने, तर गॅलरीतला फोन एकेका एमबीसाठी दहापट वेळ हवा अडवून बसतो. त्याची झळ राउटरशेजारी बसलेल्यालाही लागते.

तिसरं कारण राउटरच्या स्मरणशक्तीचं. घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीची नोंद राउटर एका तक्त्यात ठेवतो. वेबपेजला अशा काही डझन नोंदी पुरतात. टोरंट मात्र कितीतरी लोकांशी एकदम जोडतं, शिवाय डीएचटीची विचारणा सतत चालू असते. स्वस्त राउटरचा तक्ता भरला की नवी जोडणी होत नाही. वायफायची खूण पूर्ण दिसत असते, पण काहीच उघडत नाही. घरातलं कुणी राउटर बंद-चालू करतं, थोडा वेळ बरं चालतं, आणि पुन्हा तेच.

पत्ता कुणाचा, नाव कुणाचं

इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, जेमतेम ४३० कोटी पत्ते आहेत. प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला वेगळा देण्याइतके ते नाहीत. म्हणून घरात राउटर स्वतःचे खासगी पत्ते वाटतो, सहसा १९२.१६८ ने सुरू होणारे, आणि बाहेर सगळ्यांसाठी एकच पत्ता वापरतो. हाउसिंग सोसायटीचा पत्ता टपालावर एकच असतो आणि कुठलं पाकीट कुठल्या फ्लॅटचं ते आत ठरतं, तसं हे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला सोसायटी दिसते, फ्लॅट दिसत नाही.

आता टोरंट अ‍ॅपमधला ‘पीअर्स’ हा टॅब उघडून पाहा. बहुतेक जण तो कधी उघडत नाहीत. एकेका ओळीत समोरच्याचा आयपी पत्ता, त्याच्या अ‍ॅपचं नाव, त्याच्याकडे किती टक्के फाइल आहे, तो किती वेगाने देतोय आणि आपण त्याला किती वेगाने देतोय, असं सगळं असतं. आपल्याला त्यांचा पत्ता जसा दिसतो, तसाच त्यांनाही आपला दिसतो. फक्त तो पत्ता आपला नसतो, तर मित्राचा, घरमालकाचा किंवा कॅफेवाल्याचा असतो. जोडणीचं एन्क्रिप्शन चालू केलं तरी हा पत्ता झाकला जात नाही. पत्ताच नसेल तर तुकडा पाठवायचा कुठे?

हक्कधारकांच्या वतीने काम करणाऱ्या कंपन्या नेमकं हेच करतात. त्या स्वतः स्वॉर्ममध्ये शिरतात आणि आयपी पत्ता, तारीख, वेळ नि फाइलीची ओळख टिपून ठेवतात. जर्मनीत त्यावरून न्यायालयाच्या आदेशाने इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचं नाव मिळवतात आणि वकिलाचं पत्र धाडतात. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१० मध्ये आलेल्या एका प्रकरणात वायफायचा मालक चक्क सुट्टीवर गेला होता. तरीही पुरेसं संरक्षण न ठेवल्याबद्दल त्याच्यावर जबाबदारी आली. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि वायफाय देणाऱ्यांना बराच दिलासा मिळाला, पण घरगुती जोडणीचं ओझं संपलं नाही. त्याच वर्षीच्या एका निकालात आईवडिलांना साडेतीन हजार युरोंहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्या मुलांपैकी कुणी एका अल्बमची देवाणघेवाण केली हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी नाव सांगायला नकार दिला होता. पुण्या-मुंबईहून शिकायला तिकडे गेलेली मुलं अनेकदा एका फ्लॅटमध्ये चार-पाच जण राहतात आणि इंटरनेटचा करार एकाच्या नावावर असतो. पत्र त्या एकाच्या नावाने येतं, मग टोरंट कुणीही लावलेलं असो.

भारतात अशी पत्रं सरसकट येत नाहीत, पण कायदा मवाळ नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे जाणीवपूर्वक हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय कारणं देऊन शिक्षा कमी करू शकतं. २०१६ मध्ये अडवलेल्या संकेतस्थळांवर एक इशारा झळकायचा आणि तो वाचून नुसतं पान पाहिलं तरी तुरुंगात जावं लागेल, असा समज पसरला. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की गुन्हा नुसतं पाहण्यात नसून विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं यात आहे. पुष्कळांनी त्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. टोरंट वापरणाऱ्याने मात्र हे वाक्य दोनदा वाचावं. त्याचा फोन डाउनलोड होता होताच वितरण करत असतो.

आयपी पत्त्यामुळे भलत्याच्या दारात पोलीस येतात हे नवी मुंबईने पाहिलेलं आहे. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांआधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ईमेलचा माग सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या जोडणीपर्यंत पोचला. त्याच्या असुरक्षित वायफायचा दुसऱ्यानेच वापर केला होता. तो दहशतवादाचा गुन्हा होता, फाइल शेअरिंगशी त्याचा काही संबंध नव्हता. पण तपास आयपीपासून सुरू होतो आणि पहिलं दार जोडणीच्या मालकाचं वाजतं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. आज स्टेशनवर किंवा कॅफेत वायफायसाठी मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो त्याचं मूळ याच काळजीत आहे.

व्हीपीएन लावलं की झालं, असं काही जण सांगतात. व्हीपीएनने बाहेरच्यांना दिसणारा पत्ता बदलतो हे खरं आहे. पण राउटरची हवा, अपलोडची वाट आणि मित्राचा डेटा तेवढाच खर्च होतो, आणि हक्कभंग हक्कभंगच राहतो. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवणं अपेक्षित आहे.

अ‍ॅपमधल्या सहा गोष्टी

इथे फोन म्हणजे अँड्रॉइड फोन समजावा. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवर टोरंट अ‍ॅप्सना फारसा थारा मिळालेला नाही. अँड्रॉइडवर लिब्रेटोरंट, फ्लड अशी अ‍ॅप्स आहेत, आणि पुढची सेटिंग्ज नावं थोडीफार बदलून बहुतेकांत सापडतात.

एक, अपलोडची मर्यादा. ती शून्य टाकू नका. अनेक अ‍ॅप्समध्ये शून्याचा अर्थ ‘कितीही’ असा होतो, आणि थांबवायला गेलेला माणूस सगळं मोकळं सोडून बसतो. घरच्या अपलोड वेगाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतका आकडा टाकावा. फारच कमी टाकला तर देवाणघेवाणीच्या नियमाने आपल्यालाही कमी मिळतं.

दोन, जोडण्यांची संख्या. एकूण चाळीस-पन्नास पुरतात. अ‍ॅपने आपणहून ठरवलेला आकडा त्याच्या कितीतरी पट असू शकतो.

तीन, यूपीएनपी आणि नॅट-पीएमपी. हे चालू असेल तर अ‍ॅप राउटरला सांगून बाहेरून आत येण्यासाठी एक पोर्ट परस्पर उघडून घेतं. आपल्या घरी ही सोय आहे. दुसऱ्याच्या राउटरमध्ये मात्र त्याला न विचारता केलेला बदल आहे, आणि काही राउटरांत तो आपण निघून गेल्यावरही राहतो. उसन्या वायफायवर दोन्ही बंद ठेवावेत. मग थोडे कमी लोक जोडले जातील, तेवढं चालवून घ्यावं.

चार, ‘फक्त वायफायवर’ या पर्यायावर आंधळा विश्वास नको. मित्राचा हॉटस्पॉटही आपल्या फोनच्या दृष्टीने वायफायच असतो. दोन अँड्रॉइड फोनांमध्ये हा डेटा मोजून मिळणारा आहे, अशी खूण बहुधा आपोआप जाते, पण सगळ्याच उपकरणांत तसं होत नाही. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मीटर्ड’ निवडावं आणि अ‍ॅपमध्ये मीटर्ड जोडणीवर डाउनलोड बंद ठेवावं. नाहीतर मित्राचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा दुपारीच संपतो.

पाच, बॅटरी आणि साठवण. टोरंट चालू असताना वायफायचा रेडिओ झोपत नाही, फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. चार्जिंगवर असतानाच चालवायचा पर्याय असेल तर तो निवडावा. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डवर ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. मोठी फाइल घेण्याआधी हे तपासावं, म्हणजे दुसऱ्याचं नेट वाया जाणार नाही.

सहा, काम झाल्यावर आवरणं. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. डाउनलोड संपलं की अ‍ॅप सीडिंग सुरू ठेवतं. आपण घरी जातो आणि विसरतो. फोन मात्र मित्राचं वायफाय विसरत नाही. पुढच्या वेळी चहाला गेलो की फोन आपोआप जोडला जातो, आणि जुनं टोरंट न विचारता पुन्हा वाटप सुरू करतं. म्हणून निघण्याआधी टोरंट थांबवावं आणि अ‍ॅपमधून पूर्ण बाहेर पडावं. अ‍ॅप नुसतं पडद्यावरून बाजूला सारलं की ते बंद झालं असं होत नाही.

घेण्यासारखं पुष्कळ आहे

टोरंट म्हणजे चोरीचे सिनेमे, हा समज मनाला लागतो, कारण या तंत्राचा उत्तम उपयोग पूर्णपणे कायदेशीर ठिकाणी होतो. उबुंटू, डेबियन या लिनक्स प्रणाली अधिकृतपणे टोरंटने मिळतात. इंटरनेट अर्काइव्हने २०१२ मध्ये आपल्या लाखो संग्रहांना टोरंटची जोड दिली. तिथे जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या मराठी पुस्तकांचे स्कॅनही आहेत, आणि दुसरं कुणी वाटत नसलं तरी संस्थेचा सर्व्हर स्वतः तुकडे पुरवतो. किविक्स या प्रकल्पामुळे मराठी विकिपीडिया एका फाइलीत फोनमध्ये ठेवता येतो आणि नेट नसलेल्या शाळेतही वाचता येतो. ती फाइलही टोरंटने घेता येते. मर्यादित नेटवर मोठी फाइल मिळवायची आणि ती बिनचूक असल्याची खात्री हवी, तर याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. सिनेमाच्या नावाखाली एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल आली तर मात्र ती कधीही उघडू नये. ठसा जुळला म्हणजे फाइल मूळ टोरंटप्रमाणेच आहे एवढंच कळतं, ती निरुपद्रवी आहे हे कळत नाही.

हवी असलेली फाइल समोरच्या माणसाकडेच असेल तर इंटरनेट मध्ये आणण्याचं कारणच नाही. अँड्रॉइडचं क्विक शेअर आणि लोकलसेंडसारखी मोफत अ‍ॅप्स फाइल थेट एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवतात. क्विक शेअरला पासवर्डही लागत नाही. लोकलसेंडला दोन्ही फोन एकाच वायफायवर लागतात, पण फाइल घराबाहेर जात नाही, आणि हॉटस्पॉटच्या डेटा पॅकमधलं काहीच खर्च होत नाही. हेही पीअर-टू-पीअरच, म्हणजे थेट एकाकडून दुसऱ्याकडे देणं आहे, आणि यात कुणाचा आयपी पत्ता जगापुढे जात नाही.

मागताना काय मागावं

पासवर्ड मागताना ‘वायफाय देतोस का?’ एवढं विचारणं टोरंटसाठी पुरत नाही. मित्र हो म्हणतो ते व्हॉट्सअ‍ॅप आणि नकाशा डोळ्यांसमोर आणून. ‘मला एक लिनक्सची फाइल टोरंटने घ्यायची आहे, चार जीबीची आहे, अपलोडला मर्यादा घातली आहे, तुझी मीटिंग असेल तर नंतर लावतो’ असं सांगितलं, तर त्याच्या होकाराला काही अर्थ राहतो. ज्या फाइलीचं नाव त्याला सांगायला जीभ कचरेल, ती त्याच्या आयपीवरून मागवू नये. पासवर्ड देणाऱ्यानेही पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवावं आणि त्याला वेगाची मर्यादा घालावी. बऱ्याच राउटरांत ही सोय आधीपासून असते.

आणि घेतलेलं परत देण्याची ओढ असेल, जी टोरंट वापरणाऱ्या प्रत्येकाला असावी, तर ते देणं आपल्या घरच्या नेटवरून करावं. फाइल फोनमध्ये असते, टोरंटची नोंदही असते. रात्री घरचं फायबर मोकळं असतं तेव्हा फोन चार्जिंगला लावून सीडिंग सुरू करावं. जेवढं घेतलं किमान तेवढं वाटून होईपर्यंत, म्हणजे अ‍ॅपमधलं गुणोत्तर एकला पोचेपर्यंत, ते चालू ठेवावं. मराठी विकिपीडियाची ती फाइल हळू नेटवरच्या दुसऱ्या कुणाला हवी असेल, तर तिचे तुकडे त्याला आपल्याकडून मिळतील, आणि त्याच्या अ‍ॅपमधल्या पीअर्सच्या यादीत दिसणारा पत्ता आपला स्वतःचा असेल.